‘तेथील लोकच तसे!’

मेक्सिकोत अमली पदार्थांच्या व्यापारापायी जो रक्तपात चालतो, त्याचे मूळ तेथील संस्कृतीत शोधण्याची खोड पुष्कळ लेखकांस जडली आहे. मृतांचा सण, साखरेच्या कवट्या, तस्करांची कीर्ती गाणारे ‘कोरिदो’ हे पोवाडे, असा पुरावा मांडून ते निकाल देतात: ‘तेथील लोकच तसे!’ हा निकाल आम्हांस साफ अमान्य आहे. कवट्या व कोरिदो २००७ सालीही होतेच; पण त्या वर्षी तेथे ९,००० हून कमी खून झाले, आणि २०११ साली २७,००० हून अधिक! चार वर्षांत संस्कृती बदलत नसते. डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष काल्देरोन यांनी टोळ्यांवर सैन्य घातले. म्होरके पडले, टोळ्या फुटल्या व आपसांत झुंजू लागल्या. मालाचे मोठे गिऱ्हाईक उत्तरेस अमेरिकेत. माग लागलेल्या बहुसंख्य बंदुकाही तेथल्याच. २०११ सालीच पुत्राचा खून झाल्यावर कवी हाविएर सिसिलिया यांनी काव्य सोडले आणि कुएर्नावाकाहून राजधानीपर्यंत शांतियात्रा नेली. त्यांच्यामागून चाललेली हजारो माणसे मग कोणत्या संस्कृतीची? परमुलखात कारभार पाहणाऱ्या आपण मंडळींस हा शेरा अपरिचित नाही. कारभारी तो लिहितो, तेव्हा स्वतःच्या अपयशावर पांघरूण घालीत असतो.