अडीच घरं : आधी काय पाहायचं?

वसई-विरारमधल्या मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धांत हल्ली डाव संपला की पालकांचा हात मोबाइलकडे जातो. डाव इंजिनात, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, भरायचा, ‘उणे तीन’ असा आकडा वाचायचा आणि पोराला विचारायचं, ‘एवढं साधं दिसलं नाही?’ माझं म्हणणं, तो आकडा झाकून ठेवा. इंजिनाकडून शिकायचंच असेल, तर ते कोणती चाल आधी तपासतं आणि कुठे थांबतं, ते शिका.

मधल्या डावात साधारण ३५ चाली शक्य असतात. दोघांच्या दोन-दोन चाली सरसकट धुंडाळल्या, तर १५ लाख स्थिती होतात. ‘अल्फा-बीटा’ पद्धतीत दर वेळी सर्वोत्तम चाल पहिली हाती लागली, तर तेच उत्तर २,४४९ स्थितींत मिळतं. संगणकशास्त्रज्ञ कनूथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये हे गणित मांडलं. मर्म एवढंच : आपल्या चालीला एक सणसणीत उत्तर सापडलं की ती चाल बाद, बाकीची उत्तरं पाहायची गरज नाही. तेच उत्तर सगळ्यात शेवटी सापडलं, तर वाचलं काहीच नाही.

पण सर्वोत्तम चाल आधी कळणार कशी? इंजिन अंदाज बांधतं. उथळ शोधात जी चाल सरस ठरली ती पहिली. मग मारामारी, तीही क्रमाने. प्याद्याने वजीर मारता येत असेल तर ते आधी, वजिराने प्यादं मारणं शेवटी. त्या घरावर कोण कोणाला मारेल याचा जमाखर्च मांडून तोट्याची मारामारी रांगेत मागे ढकलली जाते. सहसा ती रांगेबाहेर मात्र काढत नाहीत, कारण बलिदानं तिथेच दडलेली असतात.

दुसरा प्रश्न थांबण्याचा. वजिराने प्यादं मारलं आणि तिथेच शोध संपला, तर इंजिन म्हणणार, एक प्यादं कमावलं. पुढच्याच चालीत वजीर जातो, हे त्याच्या गावीही नसतं. मारामारीच्या मध्येच हिशेब बंद करणं म्हणजे भाईंदरच्या खाडीपुलावर गाडीतून उतरणं. म्हणून ठरलेली खोली संपल्यावरही इंजिन मारामारीच्या चाली तपासत राहतं आणि पट शांत झाल्यावरच किंमत लावतं. मारण्याची सक्ती मात्र नसते. न मारता आहे ती स्थिती बरी असेल, तर तीच धरली जाते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हंपीविरुद्धच्या जलद टायब्रेकमध्ये. घड्याळ असं अंगावर येतं, तेव्हा सगळं पाहायला वेळ कोणालाच नसतो. आधी काय पाहायचं, ही सवय तिथे कामी येते. आपले प्रशिक्षक ‘शह, मार, धमकी’ घोकून घेतात ते याचसाठी. फक्त मुलांना पुढचं अर्धं वाक्यही सांगायला हवं : आधी पाहायचं, म्हणजे आधी खेळायचं नव्हे. दिसेल ते मारत सुटणारं पोर क्रम शिकलेलं असतं, हिशेब नाही.

तेव्हा डाव संपल्यावर इंजिन उघडण्याआधी मुलाला तीन अवघड स्थिती पुन्हा मांडायला सांगा. कोणत्या चाली पाहिल्यास, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबलास, हे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. मग आकडा बघा. चूक कोणत्या चालीत झाली हे इंजिन सांगेल. विचारात कुठे झाली, ते फक्त ती वही सांगेल.