वाईन द्राक्षांची मोजणी, करार व चुकारा यांबाबत निवेदन

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

अर्जदार : मलिंगार, काउंटी वेस्टमीथ (आयर्लंड) येथे राहणारी मराठी कुटुंबे, मूळ निफाड व दिंडोरी तालुके, जि. नाशिक

विषय : वाईन द्राक्षांची मोजणी शेतकऱ्यासमोर व्हावी आणि वाईनरींना मिळणारा कर-परतावा शेतकऱ्याच्या चुकाऱ्याशी जोडावा.

महोदय,

आम्ही नोकरीनिमित्त मलिंगारला राहतो. आमचे वडील, भाऊ, चुलते गावाकडे द्राक्षबागा कसतात. त्यांतल्या काहींनी २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर खाण्याची द्राक्षे काढून शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक अशी वाईनची वाणे लावली. शासनाने विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क उभारले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हा हा धंदा टिकेल असा भरवसा शेतकऱ्याला वाटला. पुढे २००८-०९ च्या मंदीत मागणी ओसरली, माल वेलीवर राहिला, पैसे अडकले आणि अनेकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. आमच्यापैकी काही घरांनी ते सोसले आहे.

थॉमसन या खाण्याच्या वाणाच्या बागाईतदाराला एक व्यापारी पटला नाही तर दुसरा गाठता येतो. भाव फारच पडला तर बेदाणा करता येतो. शिराझचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. तो मंडईत कोणी घेत नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वाईनरी. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, मध्ये डाऊनी, भुरी आणि करप्याच्या फवारण्या, एवढे सगळे करून शेतकरी फाटकापाशी ट्रॅक्टर उभा करतो, तेव्हा सौदा मोडण्याची ताकद त्याच्याकडे उरलेली नसते. या निवेदनाचे मूळ कारण हेच आहे.

त्यात मोजणीचा प्रश्न मोठा. वाईनचे द्राक्ष साखरेवर विकले जाते. साधारण २२ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप) रसातून सुमारे १२ टक्के अल्कोहोलची वाईन निघते. म्हणजे एका अंशाचा फरक वाईनमध्ये अर्ध्या टक्क्याहून जास्त दिसतो. साखरेइतकेच आम्लही महत्त्वाचे. निफाडची डिसेंबर-जानेवारीतली कडाक्याची थंडी हे आम्ल राखते. मार्चच्या उन्हात मॅलिक आम्ल झपाट्याने जळते, पीएच चढतो आणि वाईन बिघडण्याचा धोका वाढतो. असे असूनही अनेक ठिकाणी नमुना कोणत्या क्रेटमधून घेतला, आकडा किती आला, हे शेतकऱ्याला तोंडी कळते किंवा मुळीच कळत नाही.

वाईनरीच्या ‘अजून आठ दिवस थांबा’ या निरोपाचा हिशोबही मांडला पाहिजे. २१ ब्रिक्सला १० टन माल असेल तर त्यात ढोबळमानाने २.१ टन साखर असते. थांबल्यावर मणी सुकतात, पाणी उडते, ब्रिक्स २३ वर जातो. साखर तेवढीच राहिली तर वजन ९ टन १३० किलोवर येते. वाईनरीला साखर पुरती मिळते. पैसे वजनावर असतील तर शेतकऱ्याचे ८७० किलोचे पैसे जातात. शिवाय त्या आठ दिवसांत गारपीट झाली तर तो धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी. तोडणी लांबवणे वाईनच्या दृष्टीने योग्य असू शकते, हे आम्ही मान्य करतो. पण त्याची किंमत दोघांनी वाटून घ्यायला हवी.

मलिंगार ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्षाचा जुना पट्टा साधारण ३० ते ५० अंशांचा; नाशिक त्याच्या दक्षिणेला, आम्ही त्याच्या उत्तरेला. इथे उघड्या रानात द्राक्ष पिकणे अवघड, म्हणून हौशी लोक रॉन्डो, सोलारिस अशी लवकर पिकणारी वाणे प्लॅस्टिकखाली लावतात. बाकी हा गवताचा आणि गुरांचा मुलूख आहे. पण इथल्या दूध खरेदीची रीत आम्हाला सांगावीशी वाटते. आयर्लंडमध्ये दुधाचा दर प्रथिने आणि स्निग्धांशाच्या किलोवर ठरतो, नुसत्या आकारमानापोटी लिटरमागे वजावट होते, आणि उत्पादकाला तपासणीच्या आकड्यांसह महिन्याचा लेखी हिशोब मिळतो. दूध कमी पण कसदार देणाऱ्याचे नुकसान होत नाही. आपल्याकडेही उसाचा दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, असे बंधन आहे. ते नेहमी पाळले जात नाही हे खरे. पण उसाच्या शेतकऱ्याला बोट ठेवायला कलम तरी आहे. वाईन द्राक्षाच्या शेतकऱ्याला असाच आधार हवा.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी : राज्यात विकल्या जाणाऱ्या वाईनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के परत देण्याची प्रोत्साहन योजना शासनाने वाईनरींसाठी आखली आहे. हा जनतेचा पैसा आहे. ज्या वाईनरीने मागच्या हंगामातील सर्व शेतकऱ्यांचा चुकारा व्याजासह पूर्ण केल्याचा दाखला जोडला असेल, तिलाच तो परतावा मिळावा. यासाठी नवा खर्च नाही, अटींमध्ये एक अट वाढवायची आहे.

खरेदीचा करार छाटणीपूर्वी, मराठीत, लेखी व्हावा. त्यात दर, ब्रिक्स व आम्लाच्या मर्यादा आणि तोडणी लांबल्यास द्यायची भरपाई नमूद असावी. मोजणी शेतकऱ्यासमोर व्हावी, पावतीवर वजन, ब्रिक्स, आम्ल व पीएच लिहावेत. वाद झाल्यास मोहोरबंद नमुना पिंपळगाव बसवंत येथील कांदा व द्राक्ष संशोधन केंद्रात किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तपासला जावा, आणि तो निकाल दोघांवर बंधनकारक असावा.

‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. युरोपात संरक्षित उगमनामाच्या (पीडीओ) बाटलीतले प्रत्येक द्राक्ष त्याच प्रदेशातले असावे लागते. आपल्या मानांकनाचीही तशी तपासणी सुरू करावी. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे ऑस्ट्रेलियन वाईनवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरते आहे. या स्पर्धेचा ताण द्राक्षाच्या दरावर येणार, आणि त्यापूर्वी वरील नियम जागेवर हवेत.

येत्या गोडी छाटणीपूर्वी शेतकरी, वाईनरी, कृषी विभाग व उत्पादन शुल्क विभाग यांची बैठक नाशिक येथे बोलवावी आणि तिचे इतिवृत्त जाहीर करावे, ही विनंती. आमच्या घरची माणसे कागदपत्रांसह हजर राहतील.

आपले नम्र,
मलिंगार येथील मराठी कुटुंबे
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ, पुणे