डोंगरवाटेवरचा एकटा सायकलस्वार

रविवारी पहाटे बदलापूरहून बारवी धरणाकडे किंवा कोंडेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन निघालेली मंडळी हटकून दिसतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांतून ती येतात. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी असतात आणि आठवडाभर लोकलच्या गर्दीने पिचलेले नोकरदारही असतात. साखर किंवा रक्तदाब निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून सायकल घेतलेले चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थही आता त्यांत दिसू लागले आहेत. डॉक्टर या नात्याने मला याचा आनंदच आहे. गुडघ्यांवर फार भार न टाकता हृदयाला व फुप्फुसांना काम देणारा याच्याइतका चांगला व्यायाम थोडाच असेल. काळजी वाटते ती अशांची, जे डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या कच्च्या वाटेला लागतात आणि तेही एकटे.

कोणी म्हणेल, सायकल का आपल्याला नवीन आहे? अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आणि औद्योगिक वसाहतींत कामगारांच्या कित्येक पिढ्या सायकलवरूनच गेल्या. खेड्यांतले दूधवाले अंधारात किटल्या बांधून शहरात येत. तेही एकटेच असत. हे खरे आहे. परंतु त्यांच्या वाटेवर त्यांना ओळखणारी माणसे होती. कामगार वेळेवर फाटकाशी पोहोचला नाही तर हजेरीपटावर ते दिसे. दूधवाला आला नाही तर दहा घरांत चहा अडे. डोंगरात हौसेने जाणाऱ्याची वाट पाहणारे त्या वाटेवर कोणी नसते. घरी विचारावे तर 'सायकल घेऊन गेलाय, येईल इतक्यात' एवढेच उत्तर मिळते.

डोंगरी सायकलींचा हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन परगण्याच्या डोंगरउतारांवर सुरू झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान मिळाले. शर्यतीत मात्र वाटेत स्वयंसेवक उभे असतात आणि पडलेल्याला मिनिटांत उचलतात. मलंगगडाच्या किंवा चंदेरीच्या पायथ्याशी, पावसाळ्यानंतर मुरमाच्या घसाऱ्यावर एखादा मुलगा पडला तर त्याला उचलणार कोण? गुराखी किंवा मोळीवाली बाई त्या बाजूला येईल तेव्हा! डोंगराच्या कुशीत पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, हेही या वाटांवर फिरणाऱ्यांना ठाऊक आहे.

बिघडतो तो निर्णयच

एकटे जाण्यात नेमके वाईट काय, याचे वैद्यकीय उत्तर लोकांना वाटते त्याहून वेगळे आहे. सोबती असला म्हणून हाड मोडायचे थांबत नाही. पण डोंगरात होणारे बहुतेक गंभीर आजार आणि अपघात प्रथम माणसाच्या विचारशक्तीवर घाला घालतात. अशा वेळी 'मी ठीक आहे का?' हा प्रश्न ज्या मेंदूने सोडवायचा, तो मेंदूच त्या क्षणी ठीक नसतो. सोबती त्या वेळी आपल्यासाठी दुसऱ्या मेंदूचे काम करतो.

डोक्याच्या माराचेच पाहा. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की मागचे चाक उचलते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते, मग तो उठतो, कपडे झटकतो आणि 'काही नाही झाले' म्हणून पुन्हा सायकलवर बसतो. कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी फुटली असेल, तर असा रोगी कधीकधी तास-दोन तास अगदी नीट बोलतो, चालतो आणि मग गुंगीत जातो. हा मधला शुद्धीचा काळ फसवा असतो. बरोबर कोणी असेल तर तो म्हणतो, 'अरे, हेच तू तिसऱ्यांदा विचारतोयस, चल दवाखान्यात.' एकट्याला हे सांगणारे कोणी नसते.

पोटाच्या माराचेही असेच आहे. हँडलचे टोक बरगड्यांखाली रुतले तर वरून एक गोल वळ तेवढा दिसतो. आत मात्र पाणथरी किंवा यकृत फाटलेले असू शकते. एक विशीचा मुलगा असाच पडून, पंक्चर झालेली सायकल ढकलत घरी चालत आला होता. दुपारी जेवलाही. संध्याकाळी 'चक्कर येते, डाव्या खांद्यात दुखते' म्हणून आईने माझ्याकडे आणला. खांद्याला मार नव्हता. नाडी जलद, चेहरा पांढरा. पोटात रक्तस्राव झाला की दुखणे डाव्या खांद्याकडे जाते, हे लक्षात घेऊन त्याला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवले, म्हणून तो वाचला. हाच मुलगा दुपारी सावलीत 'जरा पडतो' म्हणून डोंगरातच आडवा झाला असता तर? म्हणून सांगतो, हँडल पोटात लागले असेल तर दुखणे कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा शत्रू उष्मा. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत कोकणचा दमटपणाही असतो. घाम येतो पण वाळत नाही आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती माणसे तर नुसती बसलेली होती. चढावर सायकल मारणाऱ्याचे शरीर स्वतःच भट्टीसारखी उष्णता तयार करत असते. उष्माघाताची खूण म्हणजे बरळणे, चिडचिड, तोल जाणे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तरी हीच लक्षणे दिसतात. दोन्ही वेळा रोगी हट्टाने म्हणतो, 'मला काही झालेले नाही.'

मग बंदीच घालावी काय?

तसे मी म्हणणार नाही. पालक माझ्याकडे येतात, 'डॉक्टर, तुम्हीच त्याला सांगा, जाऊ नको म्हणून.' मी सांगत नाही. तरण्या मुलाला घरात कोंडून मोबाइलसमोर बसवणे हाही आरोग्याला धोकाच आहे, फक्त तो वीस वर्षांनी दिसतो. शिवाय बंदी घातलेला मुलगा जातोच; फक्त तो न सांगता जातो, आणि सगळ्यांत घातक तेच.

२००३ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात अ‍ॅरन राल्स्टन नावाचा तरुण एकटाच सायकलवरून दुर्गम भागात गेला. सायकल झाडाशी ठेवून एका अरुंद घळीत उतरला आणि निसटलेल्या मोठ्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. कोठे जातो हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळ तो तेथेच अडकून होता. अखेर स्वतःचाच हात बोथट चाकूने कापून तो बाहेर आला. त्याच्यावर २०१० साली निघालेल्या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचे संगीत होते, म्हणून आपल्याकडेही पुष्कळांना ही कथा माहीत आहे. लोक त्याच्या धैर्याचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण निघताना एका माणसाला ठिकाण आणि परतीची वेळ सांगितली असती, तर शोध कितीतरी आधी सुरू झाला असता.

याउलट पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातला बराचसा प्रवास एकटीचा होता. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलेही गेले, तरी तिने प्रवास पुरा केला. असा प्रवास लहर आली म्हणून होत नाही, त्यामागे तयारी असते. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, त्यांना अडवण्यापेक्षा त्यांच्याकडून तयारी करून घ्यावी, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी

डोंगरात डोके चालेनासे होऊ शकते, म्हणून सारे निर्णय घरी, शांत डोक्याने घ्यावेत आणि तेथे फक्त पाळावेत.

१) कोणती वाट, कोणते गाव, परत किती वाजता, हे कागदावर लिहून घरी ठेवावे. ठरल्या वेळेनंतर एका तासात फोन आला नाही तर घरच्यांनी काय करायचे, कोणाला कळवायचे, तेही लिहावे. मोबाइलवरून ठिकाण कळवण्याची सोय जरूर वापरावी, पण रेंज गेली की ती थांबते. कागद थांबत नाही.

२) पायथ्याच्या शेवटच्या वस्तीत, टपरीवर चहा घ्यावा आणि कोठे जातो ते सांगून जावे. परतताना 'आलो' म्हणावे. वाडीवरच्या ठाकूर-कातकरी बांधवांना वाटा, ओढे आणि साप आपल्याहून अधिक ठाऊक असतात. ते 'आज जाऊ नका' म्हणाले तर मुकाट्याने परतावे.

३) हेल्मेट हनुवटीखाली पट्टा बांधूनच घालावे. तीस-चाळीस हजारांची सायकल घेऊन हेल्मेटला पैसे नाहीत म्हणणारे मी पाहिले आहेत. मार लागलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. कानात गाणी लावू नयेत.

४) परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी. पाणी निम्मे संपले किंवा ती वेळ झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा मागे वळावे. उन्हाळ्यात नवाच्या आत सावलीत यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी घरीच करता येते.

५) मधुमेह्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम यांपैकी काही जाणवले तर 'हळूहळू घरी पोहोचू' म्हणू नये. तेथेच बसावे आणि मदत मागवावी.

६) शिट्टी जवळ असावी. मिनिटात सहा वेळा वाजवावी, एक मिनिट थांबावे, पुन्हा वाजवावी. ही डोंगरातली मान्य खूण आहे. शिवाय शिट्टीला आरोळीइतके श्रम पडत नाहीत.

७) खिशात नाव, रक्तगट, आजार, औषधे आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवावे. बेशुद्ध माणसाचा मोबाइल कुलूपबंद असतो.

८) पावसाळ्यात वाहत्या पाण्यातून सायकल काढू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेससारखी आगगाडी अडवून धरली होती, तेथे सायकलचा काय पाड! कोंडेश्वरच्या कुंडात आंघोळीचा मोह टाळावा. अंगावर ओरखडे असताना चिखलपाण्यातून जावे लागले आणि नंतर ताप आला, तर लेप्टोची शंका घेऊन डॉक्टरांना तसे सांगावे.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये. चावलेला अवयव न हलवता ठेवावा आणि शासकीय रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष आपल्याच अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तयार होत आले आहे. त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ घालवण्याचे काही कारण नाही. विंचवावरही आता खात्रीचे उपचार आहेत, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे त्यातले काम जगाने मानले आहे. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लसीचा पूर्ण क्रम घ्यावा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. मात्र कोठे यायचे हे सांगता आले पाहिजे, म्हणून जवळचे गाव, पाडा, धरण यांची नावे पाठ असावीत.

थोडे इतरांसाठी

ही जबाबदारी एकट्या सायकलस्वाराची नाही. नगरपालिका, ग्रामपंचायती आणि वन खाते यांनी कोंडेश्वर, बारवी, मलंगगड या वाटांच्या तोंडाशी जवळच्या रुग्णालयाचे नाव, फोन आणि रेंज कोठे मिळते हे सांगणारे फलक लावले, तर खर्च फार नाही. पावसाळ्यात मनाईचा हुकूम काढून भागत नाही, बाकीचे आठ महिनेही लोक जातातच. सायकल विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला हेल्मेट घेतल्याशिवाय सोडू नये. आणि तीनही गावांतल्या सायकल मंडळींनी एक साधा नियम करावा: प्रत्येकाने आपला एक 'वाट पाहणारा' नेमावा. तो आज तुमची परतीची वेळ सांभाळेल, पुढच्या रविवारी तुम्ही त्याची सांभाळा. सायकल वेगवेगळ्या वाटांनी गेली तरी चालेल.

पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी एवढेच करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वाट आणि परतीची वेळ लिहा, आणि ती वाचून घेईल अशा माणसाला झोपेतून उठवून सांगून जा. पहाटे उठवल्याबद्दल तो दोन शब्द बोलेल. ते ऐकून घ्यावेत.