वारशाची सदनिका : विक्री की भाडे?

बपेऱ्याहून नोकरीनिमित्त नागपुरास गेलेल्या पित्याची सदनिका मुलांकडे आली, की ती विकावी वा भाड्याने द्यावी, हा प्रश्न उभा राहतो. भाडेकरू निघणार नाही, ही भीती जुनीच. विदर्भात १९४९ च्या आदेशानुसार नियंत्रकाच्या परवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये मात्र निवासी परवान्याच्या कराराची मुदत संपताच ताबा मागता येतो.

खरी गाठ अन्यत्र आहे. मृत्युपत्र नसल्यास १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत कन्येचा वाटा पुत्राइतकाच. भाडे भाऊ परस्पर घेऊ शकतो. संपूर्ण घराच्या विक्रीस बहिणीची सही लागते, आणि तेव्हाच हक्कसोडपत्र पुढे सरकविले जाते. विक्री की भाडे, हे ठरण्यापूर्वी घर कोणाकोणाचे, हे ठरलेच पाहिजे.