पाटीची जागा पडद्याला देण्यापूर्वी

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा ओस पडू लागल्या आहेत. त्यांचे वर्ग 'डिजिटल' करा, म्हणजे मुले येतील आणि आली की वाचूही लागतील, असा सोपा उपाय अलीकडे सभासंमेलनांतून मोठ्या आत्मविश्वासाने सुचविला जातो. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, परदेशी स्थिरावलेला कुणी हितचिंतक देणगी जाहीर करतो आणि महिन्याभरात पहिलीच्या वर्गात भिंतीएवढा पडदा लागतो. प्रवेशद्वारावर तशी पाटीही झळकते. या उत्साहामागील सद्भावनेविषयी मला शंका नाही. पडद्यामुळे मूल वाचायला शिकते या गृहीतकाविषयी मात्र आहे. हे गृहीतक निराधार आहे आणि त्यापायी आपण दुर्मीळ पैसा व त्याहून दुर्मीळ असा शिक्षकाचा वेळ वाया घालवीत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचन म्हणजे काय, याचाच आपल्याला विसर पडलेला दिसतो. देवनागरी ही शिकायला सोपी लिपी आहे, जसे लिहिले तसे वाचले जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहिले तर हा अभिमान थोडा ओसरेल. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चारताना मागून येते. 'र' हे एकच अक्षर 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'वाऱ्या' यांत चार निरनिराळी रूपे घेते. जोडाक्षरात कोणता वर्ण अर्धा आणि कोणता पूर्ण, हे डोळ्याला, कानाला आणि जिभेला एकत्र उमगावे लागते. ही उमज येण्यासाठी मुलाला अडखळावे लागते आणि ते नेमके कुठे अडखळले हे ओळखणारे कुणीतरी शेजारी असावे लागते.

आता पडदा काय करतो ते पाहा. गोष्ट सुरू होते, गोड आवाजातील निवेदिका वाक्य वाचते आणि त्या त्या शब्दाचा रंग बदलत जातो. वर्गातील मुले तल्लीन होतात. परंतु वाचले कुणी? निवेदिकेने. मुलांनी ऐकले. ऐकणे हीही मोलाची गोष्ट आहे. त्यासाठी आजी होती, आकाशवाणी होती. हातात धरण्याच्या टॅब्लेटवरील खेळांची तऱ्हा आणखी वेगळी. चित्राखाली चार शब्द येतात, मुलाने योग्य शब्दावर बोट ठेवायचे. डोळे मिटून बोट ठेवले तरी चारांतून एकदा उत्तर बरोबर येणार, मग टाळ्यांचा आवाज होणार आणि खेळ पुढे सरकणार. साध्या पुठ्ठ्याच्या कार्डावर 'पत्रावळ' लिहिलेले असेल तर मुलाला ते वाचावे लागते किंवा वाचता येत नाही म्हणून सांगावे लागते. तिथे अंदाजाने निभावत नाही.

हे सारे जुन्या वळणाच्या माणसाचे अरण्यरुदन आहे असे कुणी म्हणेल, म्हणून जगाचा अनुभव सांगतो. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची योजना अमेरिकेतून जगभर गाजली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ती नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील छोट्या शाळेत तिचा प्रयोग झालाच. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने तर असे आठ लाखांहून अधिक संगणक विकत घेतले. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागले होते; भाषा आणि गणित यांत मात्र यंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक आढळला नाही. पेरूची डोंगराळ खेडी आणि आपली वाडा-जव्हारकडची खेडी यांत साम्य थोडे नाही. ज्या स्वीडनने बालशाळांत डिजिटल साधने सक्तीची केली होती, त्याच देशाच्या सरकारने २०२३ साली ते धोरण मागे घेण्याचे ठरविले आणि छापील पुस्तकांसाठी शाळांना अनुदान दिले. गरीब देशाने ठेच खाल्ली, श्रीमंताने खाल्ली; आता आपणच का उरावे?

आपल्या देशाचे आकडे अधिक बोलके आहेत. 'असर'च्या ग्रामीण पाहणीनुसार २०१८ साली शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ साली हे प्रमाण जवळजवळ ७५ टक्के झाले. त्याच काळात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण ५०.५ टक्क्यांवरून ४२.८ टक्क्यांवर घसरले. ही घसरण फोनमुळे झाली असे मी म्हणणार नाही. कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या, हे तिचे उघड कारण आहे. परंतु शाळा बंद असताना शिक्षण फोनवरून 'सुरू' आहे, असा जो गाजावाजा झाला त्याचे काय? घरोघरी यंत्र पोहोचले आणि वाचन मागे पडले, कारण मधला माणूस नाहीसा झाला होता. शाळा उघडल्यानंतर २०२४ च्या पाहणीत हाच आकडा ४८.७ वर आला. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी.

लेखनाची कथा याहून निराळी नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात, अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या काही मुलांना अक्षरे हाताने काढायला, गिरवायला आणि कळफलकावर उमटवायला दिली गेली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग जागे झाले, ते स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी. प्रयोग २०१२ सालचा, रोमन अक्षरांवरचा आणि थोड्याच मुलांवरचा आहे. तरी विचार करायला लावणारा आहे. (गिरवण्यानेही तो परिणाम साधला नाही, हे आपल्या कित्त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) मुलाने काढलेला वाकडातिकडा 'अ' हा त्याचा स्वतःचा असतो. बोट लावताच उमटणारा सुबक 'अ' कारखान्यातून आलेला असतो.

आणखी एक बाब आपल्या परिसरात विशेष जाणवते. वसईच्या पट्ट्यातील कित्येक मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. पूर्वेकडच्या पाड्यांवरील मुले वारली, कातकरी बोलतात. पडद्यावरील निवेदिका एकाच प्रमाण मराठीत बोलते आणि तिला मुलाचे उत्तर ऐकू येत नाही. बाईंना ऐकू येते. मुलाच्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहून तिथून पाठातल्या शब्दाकडे त्याला नेता येते. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम आरंभिले आणि पुढे कोसबादला आदिवासी मुलांमध्ये नेले, तेव्हा त्यांच्यापाशी शंखशिंपले, पाने, बिया आणि मुलांची गाणी एवढेच भांडवल होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात गेली.

यंत्राला सरसकट हद्दपार करा, असे मी म्हणत नाही. दृष्टिहीन मुलाला मजकूर वाचून दाखविणारे यंत्र वरदान आहे. 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी गोष्टींचा विनामूल्य साठा आहे. शिक्षकाने तो उतरवून घ्यावा, छापावा, मुलांच्या हाती द्यावा. 'दीक्षा' २०१७ साली आले आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. शिक्षकाच्या पूर्वतयारीला त्यांचा उपयोग होऊ शकतो. दोनशिक्षकी शाळेत एकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तिथे उरलेल्या मुलांना गुंतवून ठेवायला यंत्र हवे, हा युक्तिवादही मी समजू शकतो. परंतु ते काम दोरीला टांगलेली पन्नास पुस्तकेही करतात, आणि वीज गेली तरी करतात. शिवाय याच यंत्रांनी शिक्षकाच्या माथी माहिती भरण्याचे, छायाचित्रे चढविण्याचे केवढे काम लादले आहे! २०२३ साली महाराष्ट्रातील शिक्षकांना 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत रस्त्यावर यावे लागले, हे फार जुने नाही.

हिशेब साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार वर्गात तीस मुले धरा. एकेकाचे वाचन तीन मिनिटे ऐकायचे तर नव्वद मिनिटे लागतात. रोज पंचेचाळीस मिनिटे दिली तर प्रत्येक मुलाची पाळी दिवसाआड येते. या पंचेचाळीस मिनिटांत उरलेल्या मुलांकडे पाहायला गावातील एखादी शिकलेली तरुणी मानधनावर नेमावी. पडद्याच्या किमतीत हे मानधन आणि वर्गाचे पुस्तकांचे कपाट, दोन्ही बऱ्याच काळासाठी भागेल. याचे उद्घाटन करता येत नाही आणि छायाचित्रही चांगले निघत नाही, ही त्यातील अडचण आहे खरी.

तेव्हा देणगीदारांना आणि शाळांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे. धनादेशावर सही करण्यापूर्वी दुसरीच्या वर्गात एक तासिका बसा. पाठ्यपुस्तकाबाहेरचा चार ओळींचा उतारा बरोबर न्या आणि दहा मुलांकडून, एकेकाला जवळ बसवून, तो वाचून घ्या. पडदा आधीच लागलेला असेल, तर तो बंद करून.