वास न येणारी नशा

माझे गाव सावली, बडोदा जिल्ह्यातले. १७३२ साली डाकोरला पिलाजीराव गायकवाडांचा खून झाला, त्यांचे दहन आमच्या गावी झाले, एवढीच पूर्वी आमची प्रसिद्धी. पण ऑगस्ट २०२२ मध्ये तालुक्यातल्या मोक्सी गावी एका कारखान्यात सुमारे २२५ किलो मेफेड्रोन पकडले गेले, आणि तेव्हापासून कोणी गाव विचारले की मी नुसते 'बडोदा' म्हणून मोकळा होतो.

मित्रहो, ही लाज किती फोल होती ते मला वसतिगृहात कळले. खोलीतल्या मित्राने एके रात्री पेनाएवढी नळी काढली. आत बॅटरी, तापणारी तार आणि मधासारखे दाट तेल, म्हणजे गांज्याचा अर्क. एक झुरका, थोडी वाफ. क्षणात सारे विरले. रेक्टर दारावरून गेले, त्यांना पत्ताही लागला नाही. मित्र हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो.

"अरे, ही भांगच, फक्त नव्या रूपातली!" असे तो म्हणतो. आमच्या गल्लीत महाशिवरात्रीला भांग घोटली जाई. आजोबा स्वतः वाटीने मोजून देत, पोरांना थेंबही नाही. कोणाला जास्त झाली तर दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळे. भांगेची तरफदारी मी करत नाही. पण तिच्यावर दहा जणांची नजर होती. नळीवर कोणाची आहे?

शिवाय ही भांग नव्हेच. अंमली पदार्थांचा १९८५चा कायदा नुसत्या पानांना गांजा मानत नाही; पण हशीश तेल त्याने चरसाच्या व्याख्येत नाव घेऊन घातले आहे. थोडेसे जवळ सापडले तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नळीही निर्दोष नाही. आत निकोटीन असो वा नसो, अशा यंत्राची आयात, विक्री आणि साठा यांवर २०१९च्या ई-सिगारेटबंदी कायद्याने बंदी आहे. मग चोरून आलेल्या तेलात काय मिसळले आहे, हे कोण सांगणार? अमेरिकेत २०१९ साली अशा नळ्यांमुळे फुप्फुसे निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. पुष्कळांनी गांज्याचे तेल ओढले होते, तेही मित्रांकडून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून घेतलेले. त्यात दाटपणासाठी 'ई' जीवनसत्त्वाचे एक संयुग घातलेले आढळले. ते पोटात गेले तर सहसा बाधत नाही, फुप्फुसांत गेले की घात करते.

आमच्या सूचनाफलकावर अजून 'विडी, सिगारेट, तंबाखू वर्ज्य' एवढेच आहे, आणि खाली 'अन्यथा वसतिगृहातून काढले जाईल'. वास घेऊन विडी पकडता येते. जिला वासच नाही ती नशा, ओढणारा स्वतः बोलेल तेव्हाच कळणार. आणि काढून टाकण्याची धमकी समोर असताना बोलेल कोण? १९८५चा तो कडक कायदासुद्धा स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यातून सूट देतो. आमच्या नियमावलीला तेवढे औदार्य का नसावे? आपण होऊन येणाऱ्या मुलाला पहिल्या खेपेस डॉक्टरकडे पाठवावे, घरी पाठवू नये, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे.

परवा रात्री मित्राने दिवा मालवल्यावर विचारले, "रेक्टरांना सांगितलं तर काढतील का रे मला?" मी झोपेचे सोंग घेतले.