झाडांचा कारागीर गांवांतच हवा

झाडें लावा, असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. परंतु लावलेलें झाड मोठें झाल्यावर त्याची फांदी कोणीं उतरावी, वठलेलें खोड कोणीं पाडावें, घरावर कललेला माड सुरक्षितपणें कोणीं काढावा, याचा विचार फारसा होत नाहीं. विहीर खणावयाची तर आपण पाणाड्यास विचारतों, बैल आजारी पडला तर पशुवैद्याकडे धांव घेतों. मात्र वडिलांच्या हातच्या कलमावर कोयता चालवावयाचा असला म्हणजे त्या दिवशीं जो मजूर मोकळा असेल त्यालाच वर चढवितों. हा व्यवहार बागायतदाराच्या तोट्याचा व मजुराच्या जिवावरचा आहे, आणि तो बदलणें सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोकणांतील बागायतदारांस या गोष्टीची निकड निराळी सांगावयास नको. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळानें रत्नागिरी व सिंधुदुर्गास झोडपलें. अशा वेळीं पडलेलें झाड उचलणें हें कष्टाचें काम आहेच. पण अर्धवट उन्मळलेलें, शेजारच्या झाडावर रेललेलें किंवा विजेच्या तारांत अडकलेलें झाड मोकळें करणें हें कसबाचें काम आहे. ताण बसलेलें लाकूड कोणत्या बाजूनें कापावें हें ज्यास कळत नाहीं त्याच्याच अंगावर तें उसळतें. शिवाय पडलेलीं माडाचीं खोडें बागेंत कुजत राहिलीं तर त्यांत गेंड्या भुंग्याची पैदास होते, आणि वादळांतून वांचलेले माडही धोक्यांत येतात.

नेहमींच्या छाटणींतही हाच प्रकार आहे. जड फांदी वरून एकदम तोडली तर ती मोडतांना बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते. जाणता कारागीर प्रथम बुंध्यापासून कांहीं अंतरावर खालच्या बाजूनें खांच घेतो, मग तिच्या किंचित् पुढें वरून कापून फांदीचा भार उतरवितो, आणि राहिलेला खुंट शेवटीं साफ करतो. हा शेवटचा काप फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कडा असतो त्याच्या लगत, पण त्यास न दुखवितां, घ्यावयाचा असतो. अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनीं हजारों खोडें चिरून दाखविलें कीं, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाहीं. झाड कुजका भाग आंतून भिंत घालून वेगळा करतें व बाहेरून नवें लाकूड वाढवितें. तो फुगीर कडा छाटला गेला तर ही भिंत दुबळी पडते. आंब्याच्या जुन्या बागांचें पुनरुज्जीवन करतांना तर मोठ्या फांद्या उतरवाव्या लागतात, आणि तेव्हां खोडकिड्याकडे दुर्लक्ष झालें तर सुधारावयास घेतलेली बागच हातची जाते. एका दिवसाच्या मजुरींत केलेली काटकसर अशी अनेक वर्षांच्या उत्पन्नावर पाणी सोडते.

असे जाणकार आपल्याकडे नव्हते असें नाहीं. माडावर चढणारा पाडेली केवळ नारळ उतरवीत नसे. तो शेंड्याची साफसफाई करी, भुंग्याचें भोंक प्रथम त्याच्याच दृष्टीस पडे, आणि कोणता माड थकला हें तो मालकाच्या आधीं ओळखी. परंतु या कसबास आपण मान दिला नाहीं व पुरता मोबदलाही दिला नाहीं. मग त्याच्या मुलांनीं मुंबईची वाट धरली तर दोष कोणाचा? नारळ विकास मंडळानें २०११ सालापासून केरळांत तरुणांस यंत्राच्या साह्यानें माडावर चढण्याचें शिक्षण देण्यास प्रारंभ केला, आणि अशा कामगारांसाठीं मंडळाची अपघात विमा योजनाही आहे. खोडावर खांचा पाडून चढण्याची रीत तेथें अनावश्यक ठरते, हा लाभ लहान नव्हे. कारण सोंड्या भुंगा अशा जखमांतच अंडीं घालतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पुष्कळ ठिकाणीं झाड तोडण्याची मजुरी न देतां लाकडाच्या मोबदल्यांत तोड दिली जाते. मालकास वाटतें, काम फुकट झालें. परंतु ज्याचा नफा लाकडांत आहे तो ‘एवढी फांदी उतरवली तर झाड वांचेल’ असें कशाला सांगेल? सल्ला देणारा व लाकूड घेणारा हे एकच असूं नयेत. शिवाय महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याप्रमाणें आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा, ऐन, किंजळ इत्यादि झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. ठेकेदार लाकूड घेऊन निघून जातो. जाबजबाब मालकास द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, असा कारागीर महाग पडेल, आणि वर्षांतून चार दिवसांच्या कामासाठीं तो गांवांत राहील कसा? शंका रास्त आहे. एकट्या बागायतदारास हें परवडणार नाहीं. म्हणूनच हें काम सहकारी संस्थांचें आहे. चार-पांच गांवांच्या संस्थेनें दोन-तीन होतकरू तरुण निवडून त्यांस शिक्षण द्यावें. दोर, कंबरपट्टा, शिरस्त्राण व चांगली करवत संस्थेच्या मालकीचीं असावींत. विम्याचा हप्ता संस्थेनें भरावा व कामाचे दर ठरवून फलकावर लावावे. सभासदांनीं पावसाळ्यापूर्वींची पाहणी व हंगामाची छाटणी त्यांच्याकडेच द्यावी, म्हणजे त्यांस बारमाही काम मिळेल. परगांवचा मनुष्य काम करून जातो. गांवचा मनुष्य पुढच्या वर्षीं त्याच झाडाखालून जातो, आणि त्याच्या कामाचा पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा असतो.

तोंपर्यंत प्रत्येकानें निदान एवढें पाळावें: काम देण्यापूर्वीं त्या मनुष्यानें मागील वर्षीं छाटलेलीं झाडें पाहून यावींत, काय तोडावयाचें व काय राखावयाचें तें कागदावर लिहून घ्यावें, तारांजवळ काम असल्यास वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद झाल्याखेरीज कोणास वर चढवूं नये, आणि दोर-पट्ट्याशिवाय चढावयास निघालेल्यास, तो कितीही धीट असला तरी, खालीं उतरवावें. झाड पुन्हां लावतां येतें, त्यावरून पडलेला मनुष्य परत आणतां येत नाहीं. येत्या पावसाळ्यापूर्वींच्या सभेंत प्रत्येक संस्थेनें हा विषय चर्चेस घ्यावा, अशी बागायतदार बंधूंस आमची आग्रहाची विनंति आहे.